पडकईची हाळी

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी माझ्या सख्ख्या मामाचं नाव इथं लिहिलं नसतं. हे वाचल्यावर मामाच्या घरचं दार मला कायमचं बंद होणार, हे मला माहीत आहे. होऊ दे.

भुताटकी रात्रीच होते असं तुम्ही ऐकलं असेल. ही भर दुपारी झाली. गेल्या वर्षी, श्रावणातला दुसरा शनिवार, साडेतीनचा सुमार.

ज्याच्यावर बेतली तो सुदर्शन, माझा मामेभाऊ. जुन्नरचा. चांगला शिकलेला, सव्वीस वर्षांचा, देवधर्माच्या वाटेला न जाणारा पोरगा. त्यानं मला ही हकीकत दोनदा सांगितली. दोन्ही वेळी सगळं तसंच्या तसं, फक्त एक वाक्य बदललं. ते कोणतं, ते शेवटी सांगते.

शिनोली सोडून भीमाशंकरच्या बाजूला गेलं की एक कच्चा रस्ता डोंगरात चढतो. वाडीचं नाव सांगणार नाही. तिथल्या लोकांना अजून तिथं राहायचंय.

वाडीच्या डोक्यावर माझ्या सोपानमामाची केबिन आहे. लाकडी भिंती, लाल पत्रा, खाली छातीएवढं दगडी जोतं आणि पुढे ऐसपैस ओटा. शनिवार-रविवारी पुण्याची पार्टी मिळाली की भाड्यानं देतात. जागा कागदावर कुणाच्या नावावर आहे, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही.

श्रावणात मात्र मामा ती केबिन कुणालाच देत नाही. रस्ता खराब असतो म्हणतो.

रस्ता आषाढातही खराबच असतो.

सुदर्शनच्या कॉलेजातली मैत्रीण आरोही गेम बनवते. बंदुका आणि गाड्यांचे नाही. पडद्यावर एक चित्र येतं, खाली दोन-चार ओळी गोष्ट. वाचायची, पुढे दाबायचं. मध्येच गोष्ट थांबते आणि दोन पर्याय येतात. दार उघडायचं की नाही, खरं सांगायचं की नाही. तुम्ही निवडाल तशी गोष्ट वळते. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात त्याला.

तिच्या नव्या गेममध्ये तीन मित्र सुट्टीला डोंगरातल्या एकाकी केबिनमध्ये जातात. बाहेर दाट धुकं. पहिल्याच प्रसंगात खालून कुणीतरी हाळी देतं, मदतीला बोलावतं.

पर्याय दोन. ‘ओ दे’ आणि ‘गप्प बस’.

ही कल्पना तिला सुदर्शननं दिली होती. गप्पा मारता मारता, सहज सुचल्यासारखी. गप्प बसलं तर हाळी देणारा कंटाळून निघून जातो, ओ दिली तर सगळं वाईट होतं, असंही त्यानंच सुचवलं. गेम तपासून बघताना तो दर वेळी ‘गप्प बस’च दाबायचा. आरोही त्याला भित्री भागूबाई म्हणायची.

तिला धुक्यातले फोटो हवे होते. सुदर्शननं दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “घरची केबिन असून तू मला नाही म्हणतोस, कमाल आहे राव तुझी!” मग त्याला काही सबब सुचेना. मामाला न सांगता त्यानं किल्ली उचलली. गाडी भरतची होती. भरत म्हणजे त्यांचा तिसरा मित्र, आवाज रेकॉर्ड करणारा, आणि स्वतःचा आवाज बंद न ठेवणारा.

शनिवारी बाराच्या सुमाराला ते वाडीत पोहोचले. शेवटच्या घराच्या पडवीत एक म्हातारी नाचणी पाखडत होती. लंकाबाई. भरतनं काच खाली करून रस्ता विचारला.

“कुठं निघालं पावणं?”

“वर, केबिनवर. गाडी जाईल ना मावशी?”

“ह्या दिसांत वर कुनी येत न्हाई.”

ती गाडीजवळ आली. तिनं आत वाकून सुदर्शनकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“तुजं नाक वळखीचं वाटतंय. कुनाचा रं तू?”

सुदर्शननं मान फिरवली. तो तिला ओळखत होता. “पुण्याचा,” तो म्हणाला.

आरोहीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. म्हातारी मागे सरली.

“वर ओट्यावर बसाल तवा खालनं हाळी यील,” ती म्हणाली. “जायचं आसल तर ओ द्या. जायचं नसल तर न्हाई म्हना. तोंडावर न्हाई म्हनलेलं मानसाला चालतं. पर ऐकूच आलं न्हाई, आसं करू नगा.”

“कोण देणार हाळी, मावशी?” भरत हसत म्हणाला.

“ज्याला गरज हाय त्यो.”

एवढं बोलून ती पडवीत गेली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. गाडी वळेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

दोन वाजेपर्यंत सगळं ठीक होतं. आरोहीनं पोटभर फोटो काढले. उतारावर एकाखाली एक भाताची खाचरं उतरत गेली होती, प्रत्येकाला दगडी बांध. केबिनच्या बरोबर खालचं एक खाचर मात्र तसंच पडलं होतं. त्याचा बांध मधोमध फुटलेला, आत दगडांचा ढीग आणि वर गवत.

“एवढे बांध कोणी घातले असतील?” आरोहीनं विचारलं.

“वाडीनंच,” सुदर्शन म्हणाला. “पडकई म्हणतात त्याला. आज सगळ्या वाडीनं मिळून एकाच्या खाचराला हात लावायचा. मजुरी नाही, दुपारचं जेवण फक्त. उद्या त्यानं दुसऱ्याच्या खाचरात जायचं. हाळी आली की जायचंच.”

“आणि नाही गेलं तर?”

सुदर्शन उठून आत गेला.

तीनला धुकं उतरलं. ओट्याच्या कडेला उभं राहिलं तर स्वतःच्या चपला दिसेनात.

भरतला हे आयतंच सापडलं. गेमसाठी हाळी रेकॉर्ड करायची होती. तो ओट्याच्या टोकाला गेला आणि सुदर्शननं लिहून दिलेलं वाक्य खच्चून ओरडला.

“ओऽऽ वरचंऽऽ... पडकईला याऽऽ... बांध चाललाऽऽ...”

तीनदा ओरडला. मग खोकत आत आला आणि चहा मागायला लागला.

आरोहीनं हेडफोन लावून ऐकलं. पहिली हाळी. दुसरी...

तिसरीला तिच्या कपाळावर आठी पडली.

“भरत, तू काकांचं नाव का घेतलंस?”

“कुणाच्या काकांचं?”

तिनं हेडफोन काढून आवाज मोठा केला. पहिली हाळी भरतची. दुसरीही भरतची.

तिसरी लांबून आली. खालून. जाड, घोगरा आवाज, छातीवर ओझं असल्यासारखा तुटक...

“ओऽऽ... सोपानरावऽऽ...”

भरतनं कप खाली ठेवला.

“आईशपथ, हा मी नाही,” तो म्हणाला. सुदर्शनच्या लक्षात आलं की एवढ्या दिवसांत भरतला पहिल्यांदाच विनोद सुचत नाहीये.

“चला,” सुदर्शन उठला. “आत्ता निघू. सामान राहू दे.”

“सामान कसं राहू दे? माझा लॅपटॉप...” आरोही टेबलाकडे गेली आणि तिथंच थांबली.

गेम चालू होता. तिनं चालू केला नव्हता.

पडद्यावर हाच ओटा होता. तिनं काढलेल्या चित्रात ओटा रिकामा होता, ती शपथेवर सांगते. आता तिथं दोन माणसं पाठमोरी बसली होती. एक आडव्या अंगाचा पुरुष, पांढरी टोपी घातलेला. शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा.

खाली एकच ओळ. ‘खालून हाळी येत आहे.’

आणि दोन पर्याय. ‘ओ दे’ ठळक होता. ‘गप्प बस’ फिका पडला होता, पुसत आणल्यासारखा. आरोहीनं तो दाबला. पुन्हा दाबला. काहीच झालं नाही.

“हे मी केलेलं नाही,” ती म्हणाली.

चित्र हललं...

आता ओट्यावर तिसरी आकृती होती. दाराच्या चौकटीत. दोन वेण्यांची एक मुलगी, हातात स्टीलचं ताट.

“ही कोण?”

“माहीत नाही,” सुदर्शन म्हणाला.

“मग हा पोरगा कोण?”

सुदर्शन मट्कन खाली बसला. त्याला त्या पोराचा शर्ट ओळखता आला होता. दहावीत पास झाल्यावर आईनं, म्हणजे माझ्या अंजनामामीनं, घेतलेला चौकटीचा शर्ट.

“मी,” तो म्हणाला.

आणि अकरा वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यानं त्या दोघांना सांगितलं.

या केबिनचं जोतं पडकईनं बांधलं गेलं होतं. सोपानमामानं वाडीत येऊन गोड बोलून विचारलं, मला तुमच्यातलाच समजा, आज माझ्या जोत्याला हात लावा, उद्या मी तुमच्या खाचरात येईन. वाडीला बरं वाटलं. जुन्नरचा मोठा बागायतदार आपली रीत पाळतोय म्हणून लोकांनी अठरा दिवस दगड वाहिले. सगळ्यात जास्त वाहिले ते लंकाबाईचा नवरा बहिरू यानं, कारण जोतं त्याच्याच खाचराच्या वर होतं. शेजारधर्म.

मामा त्यानंतर कुणाच्या खाचरात गेला नाही. एक दिवसही नाही.

वर जोतं झाल्यावर डोंगराचं पाणी वळलं आणि थेट बहिरूच्या बांधावर पडायला लागलं. त्या वर्षी श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी, चार दिवसांच्या पावसानंतर, बांधाला भेग पडली. वाडीतली कामाची माणसं भीमाशंकरला गेली होती, कुणी बेलफुलाच्या दुकानावर, कुणी भाविकांची डोली उचलायला. हाकेच्या टप्प्यात माणसं होती ती फक्त या ओट्यावर.

“त्यानं तीन हाका मारल्या,” सुदर्शन म्हणाला. “आम्ही भजी खात होतो. मी उठलो होतो, आरोही. खरंच उठलो होतो. पप्पांनी हात धरला. म्हणाले, बस खाली. आता खाली गेलं तर चार तास मोडतील. ऐकूच आलं नाही असं समजायचं.”

“मग?”

“मी बसलो.”

मग दगड घसरल्याचा आवाज आला होता. मोठा नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी करतात, तेवढाच. अंधार पडायच्या आत मामानं गाडी काढली. दुसऱ्या दिवशी लंकाबाईला दगडांच्या ढिगातून बाहेर आलेला नवऱ्याचा हात दिसला. पंचनामा लिहिणाऱ्यांनी पावसाचं नाव लिहिलं आणि विषय संपला.

आरोहीचा पारा असा चढला की भीतीही मागे पडली.

“माणूस मेला,” ती म्हणाली, “आणि तू माझ्याकडून त्याचा गेम करून घेतलास? वर गप्प बसलं की तो कंटाळून निघून जातो, हे पण मलाच लिहायला लावलंस?”

सुदर्शननं लॅपटॉपचं झाकण लावलं.

तेवढ्यात खालून आवाज आला.

ठप्...

दगडावर दगड ठेवल्याचा.

ठप्... ठप्...

हा तिघांनीही ऐकला. भरतनं किल्ली घेतली आणि आरोहीचा दंड धरून तिला गाडीकडे ओढलं. सुदर्शन मागोमाग निघाला. ओट्याच्या पायरीपर्यंत आला आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

पावसाचा आवाज थांबला होता.

पाऊस पडत होता. पत्र्यावरून धारा लागल्या होत्या, खाली डबक्यात बुडबुडे उठत होते. पण आवाज नव्हता.

मग बेडूक गेले.

मग ओढा गेला.

भरतनं गाडी सुरू केली. दिवे लागले, मागचा धूर दिसला. इंजिनाचा आवाज नाही. त्यानं हॉर्नवर हात दाबून धरला. हॉर्नही नाही. आरोही खिडकीतून हात हलवत होती, तिचं तोंड उघडझाप करत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ती जीव तोडून ओरडत होती आणि सुदर्शनला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

स्वतःचा श्वासही नाही.

त्यानं कानाशी टाळी वाजवली. हात लागल्याचं फक्त कळलं.

आणि त्या शांततेत, अगदी स्पष्ट, अगदी जवळून...

“ओऽऽ वरचंऽऽ...”

सुदर्शननं मला सांगितलं की त्या वेळी त्याला एकच गोष्ट कळत होती. गाडीत बसता येईल. जुन्नरला पोहोचताही येईल. पण नंतर जन्मभर त्याला एवढंच ऐकू येणार. आईचा आवाज नाही, उद्या लग्न झालं तर बायकोचा नाही, पोरांचा नाही. फक्त हा.

“पडकईला याऽऽ...”

तो गाडीकडे पाठ करून उभा राहिला. अकरा वर्षांपूर्वी जे तोंडातून निघायला हवं होतं, ते त्यानं छाती फुटेस्तोवर ओरडून दिलं.

“ओऽऽ! आलोऽऽ!”

आणि धुक्यात उतरला.

पुढचं त्यानं दोन्ही वेळी मान खाली घालूनच सांगितलं.

फुटलेल्या बांधाजवळ माणसं रांगेत उभी होती. डोक्यावरून पाठीपर्यंत इरली घेतलेली, पावसात लावणीला घेतात तशी. दगड हातोहात पुढे जात होते. कुणी बोलत नव्हतं. रांगेत एक जागा रिकामी होती. सुदर्शन तिथं उभा राहिला.

डावीकडून दगड आला. त्यानं घेतला, उजवीकडे दिला.

पुन्हा आला. पुन्हा दिला.

देणाऱ्याचे हात मनगटापर्यंत दिसायचे. नखांत चिखल, बोटं पांढरी पडलेली, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. त्याच्या वर इरल्याचा काळोख. तिथं बघायची त्याची हिंमत झाली नाही. किती वेळ गेला कळलं नाही. तळव्यांची सालटं निघाली, दगड रक्तानं निसटायला लागले, तरी तो थांबला नाही. थांबलो तर ते बघतील, असं त्याला वाटत होतं.

मग डावीकडचा बोलला.

“एकलाच आलास?”

सुदर्शननं दगड उजवीकडे दिला.

“दुसरा कुठं हाय?”

“घरी आहेत,” सुदर्शन कसाबसा म्हणाला. “मी सांगतो त्यांना.”

“सांगू नगं.”

पुढचा दगड हातात आला. बर्फासारखा गार होता.

“तिकडं ऐकू येतंय.”

भरत आणि आरोही त्याला टाकून गेले नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. धुक्यात त्यांना तो सापडेना, म्हणून ते वाडीत जाऊन लंकाबाईला घेऊन आले. साडेसहाला धुकं थोडं फाटलं तेव्हा तो त्यांना दिसला. एकटा. गुडघाभर चिखलात उभा राहून हवेतून काहीतरी घेत होता आणि हवेत देत होता.

त्याच्या समोर बांध उभा होता. फुटलेल्या जागेतला सगळा नाही, पण अर्ध्याहून जास्त. कंबरेएवढा उंच, दगडात दगड नीट बसवलेला. भरतनं नंतर त्यातला एक दगड हलवून बघितला. त्या एकालाच दोन माणसं लागली असती.

आरोहीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पावसाचा आवाज एकदम सुरू झाला. सुदर्शन कान धरून खाली बसला. मग त्याला लंकाबाई दिसली. तो चिखलातून गुडघ्यांवर तिच्याकडे सरकला आणि त्यानं तिचे पाय धरले.

“मी सोपानरावांचा,” तो रडत म्हणाला. “मावशी, मी पुण्याचा नाही. मी सोपानरावांचा.”

तिनं पाय मागे घेतले.

“तुजं नाक बगूनच कळलं व्हतं मला,” ती म्हणाली. “माज्या पाया पडू नगं. मी न्हाई तुला हाक मारली.”

आणि ती आल्या वाटेनं निघून गेली. माफी वगैरे काही नाही. मला विचाराल तर बरोबरच केलं तिनं.

सुदर्शननं घरी येऊन मामाला सगळं सांगितलं. हातांना पट्ट्या बांधलेल्या, ताप चढलेला. मामा जेवत होता. भाकरी मोडत म्हणाला, “पोरीच्या नादानं गेम खेळतो आन डोक्यावर परिणाम करून घेतो. लई झालं. किल्ली दे हिकडं.”

पुढच्या शनिवारी दुपारी मामा जुन्नरच्या घरी ओट्यावर बसला होता. पेठेतला रस्ता, गाड्यांचा कलकलाट, समोर भांड्यांचं दुकान. साडेतीनला त्यानं मामीला हाक मारली आणि रागानं विचारलं, सगळे एकदम गप्प का झाले?

कुणीच गप्प झालं नव्हतं.

पुण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी होत्या नव्हत्या तेवढ्या तपासण्या केल्या. कान ठणठणीत आहेत म्हणाले. मशीन लावलं, उपयोग शून्य. माझी मामी आता त्याच्याशी पाटीवर लिहून बोलते. एवढा रुबाबाचा माणूस, दिवसभर कानांत कापसाचे बोळे घालून बसतो. बहिऱ्या माणसाला बोळे कशाला लागतात, हे त्याला कुणी विचारत नाही.

मी विचारलं होतं. पाटीवर लिहिलं, ‘मामा, काय ऐकू येतं?’

त्यानं पाटी पालथी ठेवली.

“काय न्हाई,” तो म्हणाला. “मला काय ऐकूच येत न्हाई.”

सुदर्शननं त्याला हात जोडून सांगितलं, एकदा चला, एक दगड तरी लावा. मामा जात नाही. मरेल, पण जाणार नाही. साडेतीन वाजले की त्याची मान आपोआप पश्चिमेकडे, वाडीच्या दिशेला वळते आणि तो मांडीखाली हात दाबून धरतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सुदर्शन मात्र जातो. या उन्हाळ्यात त्यानं वाडीतल्या प्रत्येक घराच्या खाचरात पडकई केली. त्याचे कान शाबूत आहेत. हातांना घट्टे पडलेत. लंकाबाई अजून त्याच्याशी बोलत नाही. तो आला की पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवते आणि आत जाते.

आता ते बदललेलं वाक्य.

पहिल्यांदा सांगताना सुदर्शन म्हणाला होता की रांगेतल्या माणसानं विचारलं, “दुसरा कुठं हाय?” मी तुम्हाला तेच सांगितलं. दुसऱ्यांदा, महिन्याभरापूर्वी, तो माझ्याकडे न बघता म्हणाला की ते वाक्य त्यानं मुद्दाम बदललं होतं.

खरं वाक्य असं होतं.

“बाकीची दोघं कुठं हायेत?”

गेममधल्या चित्रातली ती दोन वेण्यांची मुलगी आरोहीनं काढली नव्हती. ‘माहीत नाही’ म्हणून सुदर्शननं मला वाचवलं होतं. तेरा वर्षांची होते. शाळेला जोडून सुट्टी होती म्हणून मामाबरोबर गेले होते. आयुष्यात पहिल्यांदाच भजी तळली होती. दुसऱ्या घाण्याचं ताट घेऊन दारात आले तेव्हा तिसरी हाळी आली. मी ऐकली. सुदर्शन उठला, मामानं त्याला खाली बसवलं.

तेव्हा मी काय म्हणाले, तेही सांगून टाकते.

“बस ना रे, गार होतील.”

सोमवारपासून मला डाव्या कानानं ऐकू येत नाहीये. काल उजवा कान गेला. दुपारचे साडेतीन वाजले होते. पंखा फिरत होता, आई कुकर लावत होती, आणि सगळं हळूहळू पुसल्यासारखं बंद झालं...

मी टीव्हीचा आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. आई धावत आली, तिचे ओठ हलत होते, तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले होते. मला टीव्ही ऐकू येत नव्हता.

दुसरं काहीतरी येत होतं.

परवा श्रावणातला दुसरा शनिवार आहे. सुदर्शनचा मेसेज आलाय, सकाळी सातला गाडी घेऊन येतो, जुने कपडे घाल. लंकाबाई म्हणाली होती, जायचं नसेल तर तोंडावर नाही म्हणावं, तेही चालतं.

मेसेज येऊन चार तास झाले. खालून ती हाळीही तीनदा येऊन गेली.

मी अजून हो म्हटलेलं नाही. आणि नाहीही म्हटलेलं नाही.